चमक आणायची नसते, राखायची असते!

केस चमकदार करायचे म्हटलं की प्रत्येक घरात निदान चार मतं निघतात. आजी म्हणते शिकेकाई, आई म्हणते खोबरेल, मावशी म्हणते अंडं आणि शेजारच्या काकू जास्वंदीची पानंच आणून हातात ठेवतात. गंमत म्हणजे या चौघींचंही बरोबर आहे. प्रत्येकीचा उपाय चालतो, पण वेगवेगळ्या कारणानं. ती कारणं एकदा कळली, की कुठल्या डब्यातून काय उचलायचं ते आपलं आपल्याला ठरवता येतं. चला, एकेक बट सोडवू या.

१. चमक म्हणजे उजेडाचा खेळ

केसाचा सर्वांत बाहेरचा भाग पारदर्शक खवल्यांचा असतो. कौलारू छपरावरच्या कौलांसारखे हे खवले एकावर एक चढलेले असतात, मुळाकडून शेंड्याकडे उतरत जाणारे. त्यांचे पाच ते दहा थर असतात. खवले सपाट बसलेले असले की उजेड एकाच दिशेनं परततो आणि केस लखलखतात. कडा उचकटल्या की उजेड विखुरतो आणि केस निस्तेज दिसतात. केसाचा दिसणारा भाग निर्जीव असल्यामुळे झिजलेला खवला पुन्हा उगवत नाही. म्हणून सगळ्या घरगुती उपायांचं सूत्र एकच: चमक आणायची नसते, असलेली राखायची असते.

२. दोन बोटांचा प्रयोग

कंगव्यात अडकलेला एक लांब केस घ्या. मुळाकडून शेंड्याकडे बोटं फिरवा, गुळगुळीत लागेल. उलटी फिरवा, खरखरीत लागेल. आता केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून बोटं केसाच्या लांबीच्या दिशेनं पुढे-मागे चोळा. केस हळूहळू एकाच बाजूला सरकू लागेल, मुळाचं टोक पुढे करून! खवले त्याला उलटं जाऊच देत नाहीत. धडा सोपा आहे. तेलाचा हात, पंचा, कंगवा, सगळं वरून खाली.

३. कुरळ्या केसांनी खट्टू होऊ नये

सरळ केसांवर उजेडाचा सलग पट्टा दिसतो. कुरळ्या केसांच्या प्रत्येक वळणावर उजेडाची दिशा बदलते, त्यामुळे चमक ठिकठिकाणी विखुरते. केस उत्तम असूनही ते कमी चमकदार वाटतात ते यामुळे. काळ्या केसांना मात्र जन्मजात फायदा मिळतो. केसाच्या आत शिरलेला उजेड काळा रंग शोषून घेतो आणि वरून परतलेली तिरीप उठून दिसते.

४. तुमच्या वेणीच्या शेंड्याचं वय काय?

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला १५ सेंटीमीटर. ७५ सेंटीमीटर लांब केसांचा शेंडा ५ वर्षांचा झाला! आठवड्यातून दोनदा न्हात असाल तर त्यानं पाचशेहून जास्त न्हाणी सोसली आहेत. २०२३ मध्ये हयात व्यक्तीच्या सर्वांत लांब केसांचा गिनेस विक्रम प्रयागराजच्या स्मिता श्रीवास्तव यांच्या नावे नोंदवला गेला. लांबी होती २३६.२२ सेंटीमीटर. याच वेगानं हिशेब केला तर त्या शेंड्याचं वय पंधरा वर्षांहून जास्त भरतं. टाळूजवळचे केस कोवळे असतात आणि त्यांना टाळूचं नैसर्गिक तेलही मिळतं. शेंडे वयस्कर आणि कोरडे. म्हणून साबण-शाम्पू मुळांशी चोळा, तेल आणि लेप शेंड्यांना द्या.

५. खोबरेल आत शिरतं

२००३ मध्ये मुंबईतल्या दोन संशोधकांचा, रेळे आणि मोहिले यांचा, अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातलं प्रथिन धुऊन जाण्याचं प्रमाण ठळकपणे कमी केलं ते एकट्या खोबरेलनं. कारण आहे लॉरिक आम्ल. खोबरेलचा जवळजवळ निम्मा भाग याच आम्लाचा असतो. त्याचे रेणू छोटे आणि सरळ, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतात. पाण्यानं केस फुगतो, वाळला की आकसतो. हे वारंवार झालं की खवले उचकटतात. आधीच शिरलेलं तेल हे फुगणं कमी करतं. म्हणजे न्हाण्याआधी तेल लावायची पद्धत अगदी पक्क्या पायावर उभी आहे. तासभर आधी लावलं तरी चालतं. कोंडा असेल तर मात्र तेल टाळूला न लावता फक्त केसांच्या लांबीला लावा, कारण कोंड्याशी जोडलेली बुरशी तेलातल्या मेदाम्लांवर पोसली जाते.

६. खोबरेल गेलं सर्वोच्च न्यायालयात

खोबरेल हे खायचं तेल की केसांचं? हा वाद खरोखरच सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, कारण दोन्हींवरचा कर वेगळा होता. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला: शुद्ध खोबरेल छोट्या बाटलीत असलं तरी ते खाद्यतेलच; केसांचं तेल म्हणून विकलं जात असेल तरच केशतेल. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलावरचा जीएसटीही १८ वरून ५ टक्क्यांवर आला. आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट अशी, की स्वयंपाकाचं शुद्ध खोबरेल केसांनाही उत्तम चालतं. आणि पुण्या-नाशिकच्या थंडीत बाटली गोठली तर घाबरू नका. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतंच. बाटली कोमट पाण्यात उभी करा, काम झालं.

७. फेस नाही म्हणजे स्वच्छता नाही? मुळीच नाही!

शिकेकाईच्या शेंगांत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. ती तेल आणि पाणी दोघांनाही धरून ठेवतात, म्हणून मळ निघतो. रिठा भरपूर फेसाळतो, शिकेकाई जरा बेतानंच. पण मळ काढण्याचं काम फेसाच्या उंचीवर अवलंबून नसतं. सराफ दागिने उजळायला रिठ्याचं पाणी वापरतात आणि रेशमी, लोकरी कपडेही रिठ्यात धुतले जातात. शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून साबणाच्या वडीपेक्षा ते केसांना मानवतं.

कृती ठाऊक असेलच: मूठभर शिकेकाई, बिया काढलेले सात-आठ रिठे आणि थोडा सुका आवळा रात्री भिजत घाला. सकाळी उकळा, कुस्करा, पातळ फडक्यातून गाळा. गाळणं चुकवू नका. पूड तशीच डोक्याला लावली तर तिचे कण केसांत अडकून घासत राहतात. आणि डोळे घट्ट मिटा. रिठा डोळ्यांत गेला की भयंकर चुरचुरतो.

८. केसांना आंबट आवडतं

अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १०, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी. टाळूचा साधारण ५.५, आणि केसाचा त्याहूनही आम्लधर्मी बाजूचा. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो आणि खवल्यांच्या कडा वर येतात. आम्लधर्मी पाण्यात त्या पुन्हा खाली बसतात. म्हणून न्हाणं झाल्यावर लिटरभर पाण्यात एक चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर मिसळून ते केसांवर ओतायचं आणि मग साध्या पाण्यानं धुऊन टाकायचं. डोक्याला दही आणि ताक लावण्याची जुनी रीतही याच रांगेतली. दह्याचा सामू साडेचारच्या आसपास असतो. लिंबू मात्र कधीही थेट चोळू नका, आणि ते लावून उन्हात तर मुळीच बसू नका. त्वचा भाजू शकते, केस कोरडे पडतात. खायचा सोडा अल्कधर्मी, तो पिठातच राहू द्या.

९. बुळबुळीत मंडळाची कमाल

जास्वंदीची पानं, भिजवलेली मेथी, उकळलेलं जवस, कोरफडीचा गर. या सगळ्यांत काय समान आहे? बुळबुळीतपणा! वनस्पतींमधला हा चिकट, पाणी धरून ठेवणारा पदार्थ केसावर पातळ थर देतो. केस एकमेकांवरून सहज सरकतात, गुंता कमी होतो, खवले शाबूत राहतात. बाटलीतलं कंडिशनरही मुख्यत्वे घर्षण कमी करण्याचंच काम करतं.

सर्वांत सोपं जवसाचं जेल: दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळा. पाणी अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट झालं की गरम असतानाच गाळा, गार झाल्यावर ते फडक्यातून उतरायचं नाव घेत नाही. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. जास्वंदीचं तर काय सांगावं, फूल गणपतीला आणि पानं डोक्याला! फक्त पानं वाटून गाळून घ्या, म्हणजे केसांत चोथा उरत नाही.

१०. तांदळाच्या धुवणाची कीर्ती

चीनच्या ग्वांगशी प्रांतात लाँगशंगजवळ ह्वांगलुओ नावाचं गाव आहे. तिथल्या लाल याओ समाजाच्या बायका लांब, काळ्याभोर केसांसाठी प्रसिद्ध आहेत आणि त्या केस धुतात आंबवलेल्या तांदळाच्या पाण्यानं. जपानमध्ये ७९४ ते ११८५ या हेइयान काळात दरबारी स्त्रियांचे केस जमिनीपर्यंत पोचत. त्याही केस विंचरताना तांदूळ धुतलेलं पाणी वापरत. आपल्याकडे हे पाणी रोज सकाळी कुंडीत किंवा मोरीत जातं! त्यातल्या स्टार्चचा पातळ थर केसांना गुळगुळीतपणा देतो. पण पंधरवड्यातून एकदोनदाच वापरा आणि नंतर केस नीट धुवा. स्टार्च साठला की केस कडक होतात. सुती साडीला पेजेची खळ कशी बसते ते आपल्याला माहीतच आहे.

११. अंडं, कोन्याक आणि एक सम्राज्ञी

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, लाडकं नाव सिसी, हिचे केस घोट्यापर्यंत रुळत. दोन-तीन आठवड्यांतून एकदा ते अंडी आणि कोन्याक नावाच्या ब्रँडीनं धुतले जात आणि तो अख्खा दिवस त्यातच जाई. अंड्यानं नेमकं काय होतं? पांढऱ्यातल्या प्रथिनांचे रेणू इतके मोठे, की ते केसात शिरूच शकत नाहीत. कामाचं आहे ते पिवळं. त्यातलं लेसिथिन तेल आणि पाण्याला एकत्र आणतं आणि केसांवर मऊपणा ठेवून जातं. म्हणून फक्त बलक घ्या, त्यात चमचाभर खोबरेल फेटा, वीस मिनिटं ठेवा. आणि केस धुताना पाणी कोमटच हवं. बंबातलं कढत पाणी ओतलंत तर अंडं केसांतच शिजेल!

१२. लोखंडी कढईची करामत

आवळ्याची पूड लोखंडी कढईत भिजवली की रात्रभरात काळीभोर होते. यात रसायनशास्त्र आहे. आवळ्यातलं टॅनिन आणि कढईतलं लोह एकत्र आले की गडद काळा रंग तयार होतो. युरोपात शतकानुशतकं लिहिण्याची शाई याच दोन गोष्टींपासून बनत असे. आपल्याकडे सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त सुगंधी द्रव्यांचं एक खास प्रकरण आहे. त्यात केस काळे करण्याच्या लेपाची कृती येते, आणि तिथेही लोखंड आणि आंबट पदार्थांची जोडी आहेच.

मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवायची घरोघरची रीत याच कुळातली. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसाच्या केराटिनला चिकटून बसतं. नेहमी मेंदी लावणाऱ्यांचे केस मात्र कोरडे पडू शकतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तेल आवर्जून लावा. झटपट काळा रंग देणाऱ्या 'काळ्या मेंदी'पासून जपा. तिच्यात बहुधा कृत्रिम रंग मिसळलेला असतो आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते.

१३. दोष शिकेकाईचा नसतो, पाण्याचा असतो

गावी गेलं की केस मऊ आणि शहरात टँकर-बोअरवेलच्या पाण्यानं केस राठ, हा अनुभव कितीतरी जणींचा असतो. बोअरच्या दुष्फेन पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. उजेड परतायला गुळगुळीत जागाच राहत नाही.

यावर उपाय आहेत. अशा पाण्यात डोक्याला साबणाची वडी नकोच. पाणी उकळून निवू दिलं तर काही क्षार तळाशी बसतात. वरचं पाणी अलगद काढून घ्या. शेवटचे दोन तांबे लिंबू घातलेल्या पाण्याचे असू द्या. पावसाळ्यात पहिल्या एकदोन सरी सोडून पागोळ्यांचं पाणी धरता आलं, तर त्याहून सुफेन पाणी दुसरं नाही. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र केसांना लावू नका, सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

१४. पावसाची चाहूल केसांना आधी

१७८३ मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञानं हवेतली आर्द्रता मोजणारं उपकरण जगापुढे मांडलं. त्यातला मुख्य भाग होता माणसाचा केस! दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. त्यावर काटा हलतो. पूर्ण कोरड्यापासून पूर्ण दमट हवेपर्यंत हा फरक साधारण दोन-अडीच टक्क्यांचा. मुंबई-कोकणात जून उजाडला की केस का फिसकारतात याचं उत्तर इथे आहे. हवेतलं पाणी केसात शिरतं आणि प्रत्येक केस आपापल्या दिशेनं वळतो. ओलसर केसांवर खोबरेलचे दोनच थेंब तळव्यांत चोळून वरून खाली फिरवा, पाण्याची ये-जा मंदावते.

१५. पंचा, अभ्रा आणि स्कार्फ

चमक राखणाऱ्या तीन गोष्टी कपाटात आहेत. पहिली, जुना मऊ पंचा. टर्किश टॉवेलच्या फासांत केस अडकतात. पंचा केसांना गुंडाळा, पाणी टिपू द्या. केस झटकून झोडपू नका, ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर दुखावतो. गुंता काढायचा तो मोठ्या दातांच्या फणीनं, आधी शेंड्यांचा, मग वर वर जात. दुसरी, जुन्या रेशमी साडीचा अभ्रा. जर नसलेला मऊ भाग निवडा. रात्रभर कूस बदलताना सुती अभ्र्यापेक्षा रेशमावर घर्षण कमी होतं. तिसरी, स्कार्फ. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोक्या-तोंडाभोवती स्कार्फ गुंडाळून निघतात, ते केसांसाठीही शंभर टक्के शहाणपणाचं आहे. ऊन केसातलं प्रथिन आणि रंग दोन्ही खराब करतं, आणि वाऱ्यानं होणारा गुंता वेगळाच.

१६. तीन समज, तीन उत्तरं

*रोज शंभर वेळा विंचरलं की केस चमकतात?* टाळूचं तेल खालपर्यंत पोचायला थोडं विंचरणं पुरतं. शंभर वेळा म्हणजे शंभर वेळा घर्षण.

*थंड पाण्यानं खवले मिटतात?* खवल्यांना हालचाल करणारे स्नायू नसतात. खवले खाली बसवायला आम्लधर्मी पाणी हवं. कढत पाणी टाळणं मात्र योग्यच, ते टाळूचं तेल ओढून घेतं.

*केस कापले की भराभर वाढतात?* वाढ मुळाशी होते, शेंड्याला कात्री लागल्याचं तिथे कळतही नाही. पण फाटे फुटलेला केस पुन्हा सांधत नाही, आणि फाटे चमक खातात. म्हणून दोन-तीन महिन्यांनी शेंडे छाटून घ्या.

१७. पुढच्या वर्षीची चमक आजच्या ताटात

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. उगवून बाहेर आलेला केस जेवणानं बदलत नाही, पण जो आज मुळाशी घडतोय त्याला आजचंच जेवण मिळतं. डाळी, उसळी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, तीळ रोजच्या जेवणात हवेत. अळीव तर लोहाचा खजिनाच. बाळंतिणीला ओलं खोबरं आणि गूळ घालून अळिवाचे लाडू देणाऱ्या घरांनी केसांचंही भलं केलं आहे. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. त्याहून खूप जास्त गळू लागले किंवा केस अचानक राठ झाले तर लेप बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासणं जास्त गरजेचं.

आता तुमची पाळी: दोन वेण्यांचा प्रयोग

इतक्या उपायांतला तुमच्या केसांना कुठला मानवेल? त्यासाठी सगळे एकदम करू नका, कारण मग गुण कुणाचा ते कळणारच नाही. एकच उपाय निवडा. आधी कानामागे थोडा लावून एक दिवस वाट पाहा. खाज किंवा लाली आली तर तो सोडून द्या. मानवला तर मधोमध भांग पाडून केसांचे दोन भाग करा. उजवीकडे निवडलेला उपाय, समजा जवसाचं जेल, डावीकडे काही नाही. बाकी तेल, पाणी, न्हाणं दोन्हीकडे सारखं. महिनाभरानं खिडकीपाशी उभं राहा आणि घरातल्या कुणाला तरी विचारा, कुठली बाजू जास्त चमकते? कुठल्या बाजूला काय लावलं ते मात्र सांगू नका. त्यांनी उजवीकडे बोट दाखवलं तर जवस तुमचं. नाही दाखवलं तर पुढच्या महिन्यात मेथीला संधी द्या.